जजसाहेबांची क्लर्क

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर २०२३ साली एक गंमत झाली होती, तिथूनच सुरुवात करते.

मोठ्या दिरांचा मुलगा अमेरिकेत वकिली शिकला. शिक्षण संपल्यावर त्यानं ग्रुपवर फोटो टाकला. अंगात सूट, मागे कोर्टाची इमारत, आणि खाली एक ओळ: 'फेडरल मॅजिस्ट्रेट जजकडे लॉ क्लर्क म्हणून रुजू होतोय.' पाच मिनिटं ग्रुपवर कुणी हूं की चूं केलं नाही. मग नागपूरच्या आत्याबाईंनी विचारलंच, "एवढा खर्च करून शिकलास, आणि शेवटी क्लर्कच का रे बाळा?"

हसू नका. तुम्ही आमच्या रांझीत राहत असता, तर तुम्हीही हेच विचारलं असतं. इकडे खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी, तिकडे व्हेइकल फॅक्टरी, शहराकडे निघालं की वाटेत गन कॅरेज फॅक्टरी. अंबरनाथ, अंबाझरी, भंडारा, वरणगाव, खडकी अशा ठिकाणांहून बदली होऊन आलेली कितीतरी मराठी घरं इथं रुजली. आमच्या भाषेत 'क्लर्क' म्हणजे एलडीसी. रजेचे अर्ज, जीपीएफचे हिशेब आणि अकरा वाजताचा चहा. इमानाची नोकरी आहे, आमच्या गल्लीतली अर्धी घरं तिच्यावर उभी राहिली. पण वकिलीची पदवी घेऊन कुणी क्लर्क होतं, हे काही डोक्यात शिरेना. त्यात पुन्हा 'मॅजिस्ट्रेट'. आमचे हे म्हणाले, "मॅजिस्ट्रेटकडे लोक चालान भरायला जातात. तिथं शिकण्यासारखं काय असतं?"

पुढच्याच वर्षी माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीनं हाच घाट घातला. बहीण बैतूलला असते. मुलगी पाच वर्षं आमच्याकडे रांझीत राहून कायद्याचं शिकली. सगळ्यांना वाटलं, आता सनद घेईल आणि काळा कोट चढवेल. तर ही म्हणते, मध्य प्रदेश उच्च न्यायालयात लॉ क्लर्क होणार, मग दिवाणी वकिली करणार. तेव्हा मात्र मला बसून नीट समजून घ्यावं लागलं. तुमच्या घरात कुणी कायदा शिकत असेल तर माझी मेहनत तुमच्या कामी येईल. आणि या सगळ्यात माझ्या हातून एक चूक झाली, तीही सांगणार आहे.

आधी पुतण्याचं. आपल्याकडे खालच्या कोर्टापासून दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत कोर्टांची एकच उतरंड. अमेरिकेत दोन असतात, राज्यांची वेगळी आणि केंद्राची वेगळी. केंद्राची ती 'फेडरल'. तिथं जिल्हा न्यायाधीशांच्या मदतीला हे मॅजिस्ट्रेट जज असतात. १९६८ च्या कायद्यानं हे पद आलं, 'मॅजिस्ट्रेट जज' हे नाव १९९० मध्ये मिळालं. जिल्हा न्यायाधीशच त्यांची नेमणूक करतात, पूर्णवेळ असतील तर आठ वर्षांसाठी. फौजदारीची सुरुवातीची कामं त्यांच्याकडे असतातच, पण दिवाणीतही त्यांचा मोठा हात. कुणी कुणाला कुठले कागद दाखवायचे यावरून वकिलांची जी झोंबाझोंबी चालते, ती हे मिटवतात. दोन्ही पक्षांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून, या खोलीतून त्या खोलीत जात तडजोड घडवतात. दोन्ही पक्ष राजी असतील तर अख्खा दिवाणी दावाही चालवतात. त्या कोर्टांत शंभर दिवाणी दाव्यांतला जेमतेम एखादा शेवटपर्यंत उभा चालतो. बाकीचे अलीकडेच निकालात निघतात किंवा मिटतात. म्हणजे खरी लढाई कागदांच्या टेबलावर आणि त्या दोन खोल्यांत होते, आणि ती आतून बघायला मिळते या क्लर्क मुलांना. पुतण्या आता एका दिवाणी खटले लढवणाऱ्या फर्ममध्ये आहे आणि तिथं त्याच्या त्या कामाला चांगला मान आहे.

ही पद्धत तिथं जुनी. १८८२ मध्ये होरेस ग्रे नावाचे न्यायमूर्ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आले. ते हार्वर्डहून नुकताच उत्तीर्ण झालेला एखादा हुशार मुलगा दरवर्षी हाताशी घ्यायचे आणि त्याचा पगार स्वतःच्या खिशातून द्यायचे. सरकारनं पैसे मंजूर केले ते चार वर्षांनी. आत्याबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे गुरुगृही राहण्यासारखंच की." बरोबर बोलल्या.

आपल्याकडे तालुक्याच्या न्यायाधीशाच्या हाताशी असं कुणी नसतं. उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात असतं. पद करारावरचं, साधारण वर्षभराचं, मुदत वाढू शकते. पेन्शन नाही, बढती नाही. पगारालाही पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ च्या जाहिरातीत ते दरमहा ८०,००० रुपये होतं. त्यासाठी आधी पर्यायी उत्तरांची परीक्षा, मग लेखी, मग मुलाखत. बऱ्याच उच्च न्यायालयांत मानधन त्यापेक्षा कमी. त्या काळात वकिली करायची नाही. निकालावर तुमचं नाव कुठंही येत नाही, आणि ऐकलं-वाचलं ते बाहेर बोलायचं नाही.

आता मला सांगा, एवढं ऐकून कुठली आई खूश होईल? माझी बहीण फोनवर रडलीच. तिला मुलगी जज व्हायला हवी होती, परीक्षा देऊन, लाल दिव्याच्या गाडीतली. (ते लाल दिवे २०१७ मध्येच गेले, पण आयांच्या स्वप्नांतून कुठे जातात!) आमच्या ह्यांचं मत, एखाद्या नामांकित वकिलाच्या ऑफिसात लागावं. मुलगी दोघांचं ऐकून घेऊन म्हणाली, "काका, वकिलाकडे लागले तर मला एकच बाजू दिसेल, आमची. मला एक वर्ष दोन्ही बाजूंच्या मधे बसायचंय."

बहिणीचं रडणं थांबवलं ते सर्वोच्च न्यायालयानं. २० मे २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई, म्हणजे आपले अमरावतीचे, यांच्या पीठानं निकाल दिला की कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं तर यापुढे किमान तीन वर्षं वकिलीचा अनुभव हवा. त्याच निकालात असंही सांगितलं की देशातल्या कुठल्याही न्यायाधीशाकडे लॉ क्लर्क म्हणून काम केलं असेल, तर तो काळही या तीन वर्षांत धरावा. कॉलेजातून थेट परीक्षेला बसू पाहणाऱ्या मुलांसाठी हा मोठा धक्का होता. आमच्या घरी मात्र बैतूलहून पेढे आले. ज्या वर्षाला 'फुकट गेलं' म्हणून नावं ठेवली होती, ते वर्ष हिशेबात आलं होतं.

पण मी पुढे पळाले. २०२४ च्या पावसाळ्यात ती रुजू झाली. सकाळी स्कूटीवर डबा अडकवून गोकलपूर, घमापूर करत सिव्हिल लाइन्सला जायची, रात्री आठ-साडेआठला परत. खटल्यांविषयी अवाक्षर नाही. कामाविषयी मात्र बोलायची, आणि ते ऐकण्यासारखं असायचं.

दुसऱ्या दिवशी काय काय चालणार त्याची यादी, कॉज लिस्ट, आदल्या संध्याकाळी येते. त्या फायली उघडून प्रत्येकीवर एक-दीड पानाचं टिपण करायचं. पक्षकार कोण, मागतात काय, खालच्या कोर्टांनी काय ठरवलं, आणि आता प्रश्न नेमका कुठला. निर्णय साहेबांचा, टिपणात आपलं मत घुसवायचं नाही. ती म्हणायची, सगळ्यात आधी तारखा बघायच्या. उच्च न्यायालयात दुसरं अपील करायची मुदत ९० दिवसांची. ती उलटली असेल तर उशिराचं कारण काय, ते कागदानं दिसतं की नुसतं लिहिलंय? चारशे पानांच्या फाइलीत सगळा जीव कधी कधी पान २१४ वरच्या एका पावतीत असतो. आणि ती पावती कधी कधी कुठल्याच वकिलानं नीट वाचलेली नसते.

दुसरं काम, वकिलांनी दिलेले जुने निकाल मुळातून उघडून बघायचे. वकील म्हणतात तेच त्यात आहे का? की त्याच्या पुढच्याच परिच्छेदात उलटं काही आहे? मला वाटायचं, एवढा संशय कशाला. मग तिनं न्यूयॉर्कची गोष्ट सांगितली. २०२३ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टात एका वकिलानं विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात चॅटजीपीटीला विचारून निकालांचे दाखले दिले. ते निकाल कधी झालेलेच नव्हते! ५,००० डॉलर दंड बसला. आता आमच्या उच्च न्यायालयाच्या प्रत्येक निकालावर क्रमांक असतो, आधी साल, मग 'एमपीएचसी-जेबीपी', मग आकडा. जेबीपी म्हणजे आमचं जबलपूर. तो क्रमांक टाकला की निकाल समोर, नसेल तर नसेल.

फावल्या वेळात तिनं एक जाडजूड पुस्तक वाचायला घेतलं होतं, न्यायमूर्ती जी. पी. सिंग यांचं, कायद्याचा अर्थ कसा लावायचा यावरचं. १९६६ साली पहिल्यांदा निघालेलं हे पुस्तक देशभरातले वकील आजही कोर्टात उघडतात, आणि लेखक याच उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, हे रांझीत इतकी वर्षं राहून मला ठाऊक नव्हतं.

वकिलांबद्दल तिची एक गोष्ट लक्षात राहिली. ती म्हणाली, "मावशी, जो वकील आपल्या बाजूचं दुबळं पान स्वतःहून आधी दाखवतो ना, त्याचं पुढचं सगळं लक्ष देऊन ऐकलं जातं. लपवतो त्याचं ते पान आमच्या टिपणात असतंच." हे वाक्य पुढे माझ्याच घरी कामाला येणार होतं. तेव्हा मी नुसती मान डोलावली आणि पोळी वाढली.

आता माझी चूक.

ह्यांचं मूळ गाव सौंसरजवळ, छिंदवाडा भागात. संत्र्याचे बगीचे, घरोघर मराठी. गावातली जमीन दोन पात्यांत वाटलेली, थोरली पाती आमची, धाकटी चुलत सासऱ्यांची. दोन्हींच्या मधल्या धुऱ्यालगत आठ हात रुंदीची पट्टी आहे, आणि त्या पट्टीत विहीर. ज्याची पट्टी त्याचं पाणी. २००६ पासून दावा चालू आहे. खालच्या कोर्टात हरलो, पहिल्या अपिलात हरलो, २०१९ मध्ये उच्च न्यायालयात दुसरं अपील केलं.

जानेवारीतली गोष्ट. वकिलांचा ह्यांना फोन आला की आपलं प्रकरण यादीत दिसतंय. रात्री जेवताना मी मुलीला सहज म्हणाले, "बघ गं, आपली फाइल कुणाकडे आहे ते. थोडी पुढे सरकली तर बरं."

तिचा घास हातातच राहिला. म्हणाली, "मावशी, तू मला हे विचारलंस, हे आता मला उद्या साहेबांना सांगावं लागेल."

मला आधी हसूच आलं. घरातली गोष्ट, जेवणाच्या ताटावरची! मग कळलं की रुजू झाली त्याच आठवड्यात तिनं स्वतःहून लिहून दिलं होतं, की मी ज्यांच्या घरी राहते त्यांचं एक अपील इथं प्रलंबित आहे, त्या फाइलीला मी हात लावणार नाही. सहा महिने आम्हाला पत्ता नाही. ह्यांचा पारा चढला. ते बोलून गेले, "पाच वर्षं कुणाच्या घरी राहिलीस, ते नाही का लिहून दिलंस?"

ती काही बोलली नाही. ताट उचललं, घासून ठेवलं. चौथ्या दिवशी शहरात मुलींच्या हॉस्टेलवर खोली घेतली आणि गेली. भांडून नव्हे. पाया पडून गेली. दारात म्हणाली, "काका, उद्या तुम्ही जिंकलात तर लोक म्हणतील, मुलगी आत होती म्हणून. तुम्हाला चालेल?"

ह्यांनी उत्तर दिलं नाही. पण आठ दिवसांत गल्लीतले तिघे जण आमच्याकडे येऊन गेले. कुणाच्या जावयाची पेन्शन अडलेली, कुणाचं घरभाड्याचं. सगळ्यांचं एकच, "भाभीजी, बिटिया से जरा कहलवा दीजिए." तिसऱ्याला हे स्वतः दाराबाहेर जाऊन म्हणाले, "वह यहाँ नहीं रहती." परत आले ते गप्प होते. मलाही तेव्हा समजलं की मी त्या रात्री कुठल्या रांगेत जाऊन उभी राहिले होते.

रविवारी ती यायची. भाजी चिरायची, बातम्या बघायची, सातला निघायची. आमच्या फाइलीचं पुढे काय ठरलं, तिनं आजतागायत सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही.

वर्ष संपलं. तिनं सनद घेतली, जिल्हा न्यायालयात दिवाणी कामं सुरू केली. ज्या साहेबांकडे काम केलं, त्यांच्यापुढे मात्र ती उभी राहत नाही. ह्यांनी तिला एकदा भीतभीतच विचारलं, आता तू आपली केस बघशील का? नाही म्हणाली. पण पुढच्या रविवारी येताना एक कोरी दोनशेपानी वही घेऊन आली. पहिल्या पानावर चार रकाने आखून दिले. तारीख. काय घडलं. कुठला कागद. पान नंबर. "मावशी, तू स्वतः लिही. रोज दुपारी दोन तास. आपलं मत लिहायचं नाही. राग आला तर वही मिटायची." आमची फाइल तिथंच टेबलावर होती, तिनं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तुमच्याही घरात एखादा दावा चालू असेल, तर एक सांगू? तुम्ही तुमची फाइल कधी वाचली आहे का? आम्ही एकोणीस वर्षांत एकदाही वाचली नव्हती. वकील बघतात, आपण तारखा आणि फी बघतो.

मी वाचायला लागले. तीनशे चाळीस पानं. पहिले काही दिवस डोकं दुखलं. खालच्या कोर्टाचे कागद हिंदीत, वरचे इंग्रजीत, आणि मधेच १९५१ चं वाटणीपत्र मराठीत. ते मराठीत का, तर तेव्हा सौंसर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, सौंसर मध्य प्रदेशात राहिलं, आणि नागपूरचं उच्च न्यायालय उठून जबलपूरला आलं. मुख्य न्यायाधीश न्यायमूर्ती हिदायतुल्ला तिकडेही तेच होते आणि इकडेही पहिले तेच झाले. पुढे ते देशाचे सरन्यायाधीश झाले. लोक गेले, कोर्ट गेलं, कागद मात्र ज्या भाषेत लिहिला होता त्याच भाषेत राहिला. म्हणून आमच्या वाटणीपत्राला हिंदी अनुवाद जोडलेला होता, आमच्याच बाजूनं करून घेतलेला.

एका दुपारी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. मराठीत होतं, पूर्वेच्या धुऱ्यापर्यंत विहिरीसह 'वहिवाट' थोरल्या पातीची. हिंदीत होतं, पूर्वी मेड़ तक कुएँ सहित 'रास्ता' बड़े पक्ष का.

मी तीनदा वाचलं. वहिवाट म्हणजे रस्ता? माझ्या सासूबाई जन्मभर म्हणायच्या, त्या पट्टीची वहिवाट आपली. म्हणजे ताबा आपला, कसतो आपण, पीक घेतो आपण. अनुवाद करणाऱ्यानं शब्दातली 'वाट' तेवढी पाहिली असावी. आणि तिथून पुढे दोन्ही कोर्टांत सगळं त्या रस्त्यावरूनच गेलं. थोरल्या पातीला पट्टीतून फक्त जाण्या-येण्याचा हक्क, जमीन दुसऱ्याची.

दुसऱ्या अपिलाचं एक असतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १००. १९७६ च्या दुरुस्तीनंतर ते आणखी आवळलं गेलं. साक्षीदार खरं बोलला की खोटं, हे उच्च न्यायालय तिथं पुन्हा तोलत बसत नाही. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच अपील पुढे जातं. पण मालकीच्या दस्तऐवजातल्या शब्दांचा कायदेशीर परिणाम काय, हा कायद्याचा प्रश्न होऊ शकतो. हे मला आमच्या वकिलांनी सांगितलं. वहीतलं ते पान बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "भाभीजी, यह पहले क्यों नहीं दिखाया?" मी काय सांगणार! त्यांना मराठी येत नाही, आम्हाला येतं. दाखवायचं आम्हीच होतं.

ती बातमी सांगायला मी मुलीला फोन केला. तिनं मला पहिल्या वाक्यातच अडवलं. "काय सापडलं ते सांगू नकोस. फक्त एक कर. आता तीच फाइल धाकट्या पातीची होऊन वाच."

आनंदावर विरजणच पडलं म्हणा ना. पण वाचली. आणि दोन दिवसांनी सापडलं, १९८८ चा एक अर्ज. माझ्या सासऱ्यांनी तहसीलीत दिलेला, हिंदीत, खाली त्यांची सही. विहिरीकडे जायचा आमचा 'रास्ता' पावसानं खचला आहे, दुरुस्तीला परवानगी मिळावी. रास्ता. त्यांच्याच हातचा शब्द. हिंदीत अर्ज करताना त्यांनी सोपा शब्द वापरला असेल, किंवा खरोखरच पायवाटेबद्दल लिहिलं असेल. त्यांना विचारायची सोय आता नाही.

ह्यांनी ते पान पाहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली. "हे लिहू नकोस. त्यांच्या वकिलाच्या लक्षात आलेलं नाही इतकी वर्षं."

मी रात्रभर विचार केला. मग चार रकाने भरले. १९८८, तहसीलीतला अर्ज, सासऱ्यांची सही, पान १७३. वकिलांना नेऊन दाखवलं. ते म्हणाले, बरं झालं, याचं उत्तर आपणच आधी तयार ठेवू. जिंकूच असं ते म्हणाले नाहीत. वाटणीपत्राचा नवा अनुवाद आणि एक अर्ज दाखल झाला आहे. हे दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलले. तिसऱ्या दिवशी वही उघडून पान १७३ ची नोंद स्वतः वाचली, आणि अर्जाची तारीख मी चुकीची लिहिली होती ती पेन घेऊन दुरुस्त केली.

पुतण्यालाही मी हे सगळं ग्रुपवर नव्हे, वेगळं सांगितलं. तो म्हणाला, तिकडेही रुजू होताना आम्हाला आधी तेच विचारतात, नातेवाइकांचे खटले कुठले, पैसे कुठे गुंतवलेत. आत्याबाईंना आता तो 'आमचा क्लर्क' म्हणून सगळ्यांना सांगताना ऐकलं मी मागच्या लग्नात.

परवा रविवारी मुलगी आली. हॉस्टेल सोडून ती परत आमच्याकडे राहायला येणार आहे, पण आमचा निकाल लागेपर्यंत नाही, असं म्हणते. ह्यांनी तिच्यासाठी मुद्दाम सदर बाजारातून खोव्याची जिलबी आणली होती. टेबलावर वही उघडीच पडली होती, वर माझा चष्मा. तिनं चष्मा उचलून बाजूला ठेवला, वही न वाचता मिटली, तिच्यावर वर्तमानपत्र टाकलं आणि म्हणाली, "काका, जिलबी गरम आहे तोवर द्या बरं."